उन्हाळी परसबाग आणि पाण्याचा हिशेब

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा प्रदेशात कोरड्या हवामानातील परसबागेचा विचार प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. तथापि या पावसाचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो आणि डिसेंबरपासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ जवळजवळ कोरडाच जातो. शिवाय पेडणे तालुक्यातील जांभ्याची सच्छिद्र जमीन पाणी फार काळ धरून ठेवीत नाही. परिणामी श्रावणात काठोकाठ भरलेल्या कित्येक विहिरी चैत्रात तळ गाठतात आणि हौसेने लावलेली बाग करपून जाते.

भाजीपाल्यासाठी आपण बेळगावच्या बाजारावर किती विसंबून आहोत, याची प्रचीती मार्च २०२० मधील टाळेबंदीत आली. सीमेवरील वाहतूक खंडित होताच भाजी दुर्मीळ झाली. ज्यांच्या परसात तांबडी भाजी, मुळा आणि अळसांदे होते, त्यांची चूल मात्र अडली नाही.

पाण्यावरून क्षेत्र ठरवावे

परसबागेचा आकार मोकळ्या जागेवरून नव्हे, तर एप्रिलमध्ये हाती असणाऱ्या पाण्यावरून ठरविणे इष्ट होय. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. कडक उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला दररोज सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजेच चौरस मीटरला ५ लिटर पाणी लागते. २० चौरस मीटरच्या वाफ्यांना रोज १०० लिटर पुरतात. फळत्या माडाला आळ्यातून दर चार दिवसांनी २०० लिटर पाणी द्यावे, अशी शिफारस आहे. म्हणजे एक माड १० चौरस मीटर भाजीइतके पाणी पितो.

पाच माणसांच्या कुटुंबात प्रत्येकी २० लिटर धरल्यास स्नानाचेच १०० लिटर पाणी रोज वाहून जाते. ते वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून दोन माडांना अथवा केळी आणि अळूला द्यावे. साबणाचे पाणी पालेभाजीला देऊ नये. अशा रीतीने वाचलेले विहिरीचे स्वच्छ पाणी भाजीच्या कामी येते. खाडीलगतच्या विहिरींचा उन्हाळ्यात अती उपसा केल्यास त्यांत खारे पाणी शिरण्याचा धोका असतो. तेथे ही काटकसर अगत्याची आहे.

ओल टिकविण्याचे उपाय

जमिनीत कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. त्याने जांभ्या मातीची पाणी धरण्याची शक्ती वाढते. ही माती आम्लधर्मी असल्याने चुलीतील राख बेताने टाकणे हितावह ठरते. वाफे सपाटीपेक्षा किंचित खोल ठेवावेत आणि त्यांवर पातेरा अथवा भाताच्या पेंढ्याचे जाड आच्छादन घालावे. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणे पोकळ बाजू वर करून पुरल्यास ती पाणी शोषून सावकाश सोडतात.

काकडी, दोडकी यांसारख्या वेलांसाठी मडक्याची पद्धत उपयुक्त आहे. साधे, झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे, तोंडावर झाकण ठेवावे आणि सभोवती बी टोकावे. मडक्यातून पाझरणारी ओल थेट मुळांना मिळते.

लागवडीचा क्रम

पाऊस ओसरताच ऑक्टोबरमध्ये मिरची, वांगी यांची रोपे तयार करून नोव्हेंबरमध्ये लावावीत. भौगोलिक मानांकन लाभलेली हरमलची मिरची तर आपल्याच तालुक्यातील आहे. भातकापणीनंतरच्या ओलीवर अळसांदे येतात. तांबडी भाजी महिनाभरात काढणीस येते, म्हणून ती एकदम न पेरता दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरावी. मार्चनंतर नवी लागवड टाळून पाणी आहे त्या झाडांना पुरवावे आणि पाणी नेहमी सकाळी अथवा सायंकाळीच द्यावे.

पुढील उन्हाळ्याची तरतूद पावसाळ्यातच करावयाची असते. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पावसाने ३ लाख लिटर पाणी पडते. त्यातील काही भाग जरी विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात मुरविला, तरी झऱ्यांना आधार मिळेल. बियाणे व मार्गदर्शनासाठी पेडणे येथील विभागीय कृषी कार्यालयाशी संपर्क साधावा.