किनाऱ्याची राखण आणि परंपरानिष्ठ राजकारण

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अक्षीच्या पुढे नागाव लागते. अष्टागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किनारपट्टीतील हे गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. समुद्राकडून गावाकडे येताना प्रथम वाळूची पुळण, मग सुरूची रांग, त्यामागे वाड्या आणि वाड्यांच्या सावलीत घरे व विहिरी असा क्रम दिसतो. पाहणाऱ्याला तो शोभेचा वाटला, तरी गावाचे जीवन त्यावरच उभे आहे.

पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर थरासारखे राहते. किनाऱ्यालगतच्या विहिरींना गोडे पाणी लागते ते या थरामुळे. उपसा मर्यादेबाहेर गेला की थर पातळ होतो आणि खालचे खारे पाणी वर चढते. वाळूच्या उंचवट्यावर पसरणारी मर्यादवेल वाळू धरून ठेवते. समुद्राची मर्यादा दाखविणारी वेल, हा तिच्या नावातील अर्थ बोलका आहे. सुरू हा मूळचा येथला वृक्ष नव्हे. तो मुद्दाम लावलेला आहे. परंतु खारा वारा आणि उडती वाळू अडविण्याचे काम तो करतो. दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड जिल्ह्यातील वाड्यांची फार मोठी हानी झाली. पोफळ किंवा माड पुन्हा लावून त्याचे उत्पन्न हाती येण्यास अनेक वर्षे जावी लागतात. एका दुपारच्या वाऱ्याने झालेली ही हानी भरून काढण्यास बागायतदाराच्या आयुष्यातील मोठा काळ खर्ची पडतो.

अशा किनाऱ्याची राखण कोणी करावयाची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्यासंबंधीचे बरेचसे नियम दिल्लीत व मुंबईत ठरतात. ते ठरविणाऱ्यांत गेल्या दशकभरात परंपरानिष्ठ, अथवा रूढ भाषेत उजव्या म्हटल्या जाणाऱ्या पक्षांतील कार्यकर्त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी राज्यपातळीवर काय केले, त्यामागे कोणता विचार आहे आणि त्याची फलश्रुती कशावर अवलंबून आहे, हे समजून घेणे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांना उपयुक्त ठरेल.

विचाराची मुळे

पर्यावरणाची चळवळ म्हणजे प्रस्थापिताविरुद्धचे आंदोलन, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो पूर्णतः खरा नाही. इंग्रजीत ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ आणि ‘कॉन्झर्व्हेशन’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. राखणे, जतन करणे हा त्यांचा अर्थ. अठराव्या शतकातील विचारवंत एडमंड बर्क याने समाज म्हणजे हयात असलेल्या, होऊन गेलेल्या आणि पुढे जन्माला येणाऱ्या पिढ्यांमधील भागीदारी होय, अशी कल्पना मांडली. अमेरिकेत राष्ट्रीय वनांचा मोठा विस्तार करणारे थिओडोर रूझवेल्ट आणि १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन करणारे रिचर्ड निक्सन हे दोघेही रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष होते. ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी सप्टेंबर १९८८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे केलेल्या भाषणात पृथ्वीच्या तापमानवाढीचा इशारा दिला होता.

आपल्याकडे हा विचार ऋणाच्या कल्पनेतून आला. पूर्वजांचे ऋण वंशजांच्या ठायी फेडावयाचे असते. देवराईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा सह्याद्रीतील गावांचा दंडक याच भावनेचा आविष्कार होय. १९६५ च्या एप्रिलमध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईत एकात्म मानववादावर चार व्याख्याने दिली. निसर्गाची संपत्ती अमर्याद नाही आणि तिच्या मर्यादेत राहणारी अर्थव्यवस्था हवी, हे सूत्र त्यांत आहे. त्यांच्या नावाने संशोधन संस्था उभारणारे नानाजी देशमुख हे मराठवाड्याचे. त्यांचा जन्म १९१६ मध्ये आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे झाला. राजकारणातून निवृत्त झाल्यावर त्यांनी चित्रकूट परिसरातील खेड्यांत स्वावलंबनाचे व जलसंधारणाचे काम केले. हवामान बदलास तोंड देणाऱ्या शेतीसाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्यात सुरू झालेल्या कृषी संजीवनी प्रकल्पास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

राज्यपातळीवरील कार्य

२०१४ ते २०१९ या काळात राज्याचे वनमंत्री असलेले भारतीय जनता पक्षाचे चंद्रपूरचे नेते सुधीर मुनगंटीवार यांनी वृक्षलागवडीला लोकोत्सवाचे रूप दिले. १ जुलै २०१६ रोजी २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. शाळा, ग्रामपंचायती आणि शासकीय कार्यालये या कामी जोडली गेली. किनारपट्टीच्या दृष्टीने त्याहून दूरगामी पाऊल म्हणजे २०१७ ची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना. कांदळवन तोडू नका, असे नुसते सांगण्याऐवजी खेकडापालन, कालवेपालन, मधुमक्षिकापालन आणि निसर्ग पर्यटन यांतून खाडीकाठच्या कुटुंबांना उत्पन्न मिळावे, अशी तिची योजना आहे. कांदळवन उभे राहण्यातच ज्याचा लाभ आहे, तो त्याची राखण अधिक दक्षतेने करतो, हे तत्त्व त्यामागे आहे. मुनगंटीवार यांच्याकडे मत्स्यव्यवसाय खाते असताना, सप्टेंबर २०२३ मध्ये, रुपेरी पापलेट हा राज्यमासा म्हणून घोषित झाला. वाढ पूर्ण होण्याआधीच पकडल्या जाणाऱ्या माशांच्या प्रश्नाकडे त्यामुळे लक्ष वेधले गेले.

शिवसेनेने प्लास्टिकचा प्रश्न हाती घेतला. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात प्लास्टिक पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांचा अनुभव राज्याने घेतला होता. युवासेनेचे प्रमुख आदित्य ठाकरे यांनी प्लास्टिकबंदीचा आग्रह धरला आणि कोकणातील नेते, तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांच्या कारकिर्दीत २३ मार्च २०१८ रोजी बंदीची अधिसूचना निघाली. प्लास्टिकच्या पिशव्या आणि एकदाच वापरून फेकावयाच्या थर्माकोलच्या ताटवाट्या यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास ५ हजार, दुसऱ्यास १० हजार आणि तिसऱ्यास २५ हजार रुपये दंड व कारावास अशी तरतूद झाली. निवडक एकल-वापर प्लास्टिक वस्तूंवरील देशव्यापी बंदी त्यानंतर चार वर्षांनी, १ जुलै २०२२ पासून अमलात आली.

आदित्य ठाकरे पर्यावरणमंत्री झाल्यावर २०२० मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले. त्याच वर्षी पांढरी चिप्पी या वृक्षाला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला आणि २ ऑक्टोबर रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियानास आरंभ झाला. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या चौकटीत या अभियानाचे निकष बसविलेले आहेत. वृक्ष व घनकचरा भूमीखाली, जलसंवर्धन जलाखाली, ऊर्जेची बचत अग्नीखाली आणि जनजागृती आकाशाखाली येते. गावकऱ्याला परिचित असलेल्या शब्दांत आधुनिक निकष मांडण्याची ही रीत परंपरानिष्ठ विचाराला साजेशी आहे. पहिल्या टप्प्यात ६८६ स्थानिक स्वराज्य संस्था सहभागी होत्या. त्यांत २९१ ग्रामपंचायती होत्या. २०२२ मध्ये सरकार बदलल्यानंतरही हे अभियान चालू राहिले, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे.

२०२५ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात राज्यातील पाच किनारे आले, तेव्हा पर्यावरण खाते भारतीय जनता पक्षाच्या पंकजा मुंडे यांच्याकडे होते. पालघर जिल्ह्यातील पारनाका, रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर व लाडघर आणि रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन व नागाव हे ते पाच किनारे होत. पाण्याची शुद्धता, पर्यावरण शिक्षण, किनाऱ्याचे व्यवस्थापन आणि सुरक्षितता अशा चार गटांतील ३३ निकषांवर या उपक्रमात किनारा पारखला जातो. हा मान कायमचा नसतो. ठराविक मुदतीनंतर तो पुन्हा मिळवावा लागतो.

दुसरी बाजू

या कार्याला मर्यादाही आहेत. लावलेल्या रोपांपैकी किती जगली, हा प्रश्न विधिमंडळात उपस्थित झाला आणि २०२१ मध्ये लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळ सदस्यांच्या समितीची घोषणा झाली. मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये वृक्षतोड झाली, तेव्हा सत्तेतील दोन्ही मित्रपक्षांची मते परस्परविरोधी होती. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला आणि २०२२ मध्ये तो फिरविण्यात आला. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या दोन पक्षांत विकासकामाची जागा कोणती, यावर एकमत होऊ शकले नाही.

किनाऱ्याच्या बाबतीतही हा पेच आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामास बंद ठेवला होता. केंद्रात भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकार असताना निघालेल्या १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागासाठी ही मर्यादा ५० मीटरवर आणली. विरळ वस्तीसाठी २०० मीटर कायम राहिली. किनाऱ्यावरील रहिवाशाला घर बांधता यावे, ही मागणी रास्त आहे. परंतु सैल झालेल्या नियमाचा लाभ स्थानिक कुटुंबाऐवजी बाहेरच्या बांधकामाला मिळाला, तर राखणीचा हेतूच विफल होतो.

हेही ध्यानात ठेवले पाहिजे की पर्यावरण रक्षण ही एका विचारधारेची मिरास नाही. ‘वनराई’ स्थापन करणारे मोहन धारिया वेगळ्या राजकीय परंपरेतील होते. कांदळवनांना मिळालेल्या संरक्षणामागे नागरिकांनी न्यायालयात दिलेला लढा आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ व २०१८ मधील आदेश आहेत. परंपरानिष्ठ कार्यकर्त्यांचे वैशिष्ट्य इतकेच की, राखण हा धर्म आहे ही जुनी भावना त्यांनी शासकीय कार्यक्रमाशी जोडली. त्यामुळे जो वर्ग पर्यावरणाच्या भाषेला परका मानीत होता, तोही या कामात आला.

निर्णय मंत्रालयात, राखण गावात

मंत्री बदलतात, अभियानांची नावे बदलतात. किनाऱ्यालगतच्या गावाने मात्र विहिरीच्या पाण्याची चव रोज घ्यावयाची असते. राज्यपातळीवरील निर्णयांचे मोल शेवटी नागावसारख्या गावातच ठरते. तेथे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून पर्यटक येतात. वाडीतील घरगुती निवासव्यवस्थेने अनेक कुटुंबांना उत्पन्न दिले आहे. त्याच वेळी पाण्याचा उपसा वाढतो, कचरा वाढतो आणि पुळणीवर वाहने नेल्यास मर्यादवेल चिरडली जाते. ज्या वाडीमुळे पाहुणा येतो, ती वाडीच पाहुण्यांच्या सोयीसाठी तोडली जाण्याचा धोका असतो.

ग्रामपंचायतींच्या हाती याबाबत साधने आहेत. २००२ च्या जैवविविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते आणि लोकांच्या सहभागाने गावाची जैवविविधता नोंदवही करावयाची असते. या नोंदवहीत पुळणीवरील मर्यादवेल, वाडीतील झाडांच्या जाती, खाडीतील मासे आणि विहिरींची स्थिती यांची नोंद झाली, तर पुढील पिढीला तुलनेसाठी आधार मिळेल. शिक्षकांना विद्यार्थ्यांकरवी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर विहिरींच्या पाण्याची पातळी आणि खारेपणा मोजून घेता येईल. लागवडीच्या अहवालात लावलेल्या रोपांच्या आकड्यापुढे तीन वर्षांनी जगलेल्या रोपांचा आकडा लिहिण्याची प्रथा गावानेच पाडली, तर चौकशी समितीची वेळ येणार नाही. प्लास्टिकबंदीचा दंड वसूल करण्याइतकेच, बाजारात कापडी पिशवी सहज मिळेल हे पाहणे आवश्यक आहे. पुळणीवर वाहने नेऊ नयेत, याबाबतचा ठराव ग्रामसभेत होऊन तो पाळला गेला, तर वाळूचा बांध टिकण्यास मोठे साहाय्य होईल.

या कामांना फार मोठा निधी लागत नाही. त्यासाठी सातत्य मात्र लागते, आणि सातत्य हा परंपरेचाच गुण आहे. कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता गावात पर्यावरणाचा कार्यक्रम घेऊन आला, तर त्याचे स्वागत करावे आणि गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचे काय झाले, हेही त्याला विचारावे. ग्रामसभेत हा प्रश्न दरवर्षी विचारला जाऊ लागला, तर नागावच्या विहिरी गोड्या राहतील आणि निसर्ग वादळानंतर लावलेला माड आपली फळे पुढच्या पिढीच्या हाती देईल.