आधी माती गप्प करायची

पहाटे ४:३०

चहा काळाच. दुधाची भुकटी मिळते, पण तिचा चहा आमच्यातल्या एकालाही रुचत नाही. मन्नार जिल्हा, श्रीलंकेचा वायव्य किनारा, ऑगस्ट २०१०. इथलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं आणि छावण्यांत ठेवलेली कुटुंबं गावी परतू लागली. गावं आहेत, पण बांधावर, विहिरीपाशी, शाळेच्या कुंपणाला कवटीच्या लाल पाट्या. सुरुंग काढायला देशोदेशीच्या संस्था आल्या, तशी भारत सरकारच्या मदतीने निवृत्त भारतीय सैनिकांची पथकंही आली. त्यातलाच मी. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, मूळचा राजापूरकडचा.

५:४५

शेतावर पोचलं की धातू शोधणाऱ्या यंत्रांना हात लावण्याआधी रुग्णवाहिका बघायची. तोंड रस्त्याकडे आहे ना, ड्रायव्हर जागेवर आहे ना, बिनतारी संच दवाखान्याला लागतो ना. मग हजेरी. पथकातले बहुतेक जण इथलेच तमिळ, निम्म्याहून अधिक बाया. सगळ्या जिला अक्का म्हणतात ती माझ्या हाताखालची सगळ्यात चांगल्या कानाची. हे काम शेवटी कानाचंच.

६:००

आता यंत्र. शेताच्या कडेला आम्ही चाचणीचा एक तुकडा राखलाय. माती शेतातलीच, पण आधी उकरून, चाळून, खिळा-चूक काढून टाकलेली. त्यात कामाच्या आदेशात लिहिलेल्या खोलीवर सुरुंगाच्या तोडीचा धातूचा नमुना पुरलेला असतो. रोज सकाळी प्रत्येक यंत्राने तो ओळखून दाखवायचा. नाही ओळखला, तर यंत्र आज गाडीतच राहणार.

नवी पोरं यंत्र हवेत धरून त्यापुढे नाणं फिरवतात आणि खूश होतात. हवेत कुठलंही यंत्र शूरच असतं. खरा प्रश्न मातीचा. यंत्राच्या डोक्यातलं तारेचं वेटोळं चुंबकीय क्षेत्र सोडतं. जमिनीतल्या धातूत त्यामुळे प्रवाह फिरतो, त्याचं उत्तर वर येतं आणि कानात सूर वाजतो. पण तांबड्या मातीत मॅग्नेटाइट, मॅग्हेमाइट अशी लोखंडाची खनिजं असतात आणि त्यांचे अतिबारीक कण क्षेत्र बंद झाल्यावरही क्षणभर रेंगाळून उत्तर देतात. यंत्राला ते धातूसारखंच वाटतं. आमच्या कोकणात जांभ्याच्या कातळावर यंत्र धरलं तरी ते असंच बडबडतं. इथल्या मातीत तर लोहयुक्त खडीचे दाणेच आहेत.

म्हणून आधी मातीचा आवाज यंत्राला शिकवायचा. ही जमीन, हिचं उत्तर एवढं आणि असं, ते वजा कर, उरेल ते मला सांग. आमच्या यंत्रात बटण दाबायचं आणि डोकं जमिनीपासून वर न्यायचं, परत खाली आणायचं. हळू, सरळ, तिरकं न होऊ देता. वर-खाली करताना सूर बदलेनासा झाला की जमली. जवळ नेताना आवाज चढत असेल तर माती अजून बोलतेय. उलट जवळ नेताना नेहमीची गुणगुणही दबत असेल तर वजाबाकी जरा जास्तच झाली, आणि मग मातीबरोबर बारीकसा धातूही गिळला जातो. ही दुसरी चूक वाईट, कारण ती ऐकू येत नाही. शांत यंत्र सगळ्यांनाच आवडतं.

त्याहून वाईट एक प्रकार आहे. जिथे यंत्राला माती शिकवायची, तिथेच खाली धातू असला तर? यंत्र त्या धातूलाच माती समजून बसतं. म्हणून आधी जागा चारी बाजूंनी ऐकायची. मातीचा आवाज पसरट असतो, डोकं सरकवलं तरी संपत नाही. धातूचा आवाज एका जागी सुरू होतो आणि हातभर पुढे सरला की थांबतो. जागा निवडण्यात अक्का माझ्यापेक्षा जास्त वेळ घेते. तिला मी कधी घाई करत नाही.

७:००

पट्ट्यात शिरलो. पट्टा एक मीटर रुंद, दोन्ही कडांना दोर, पुढे आडवी काठी. काठीपलीकडे पाय नाही. गवत आधी कातरीने मुळापर्यंत कापायचं. हे लोकांना फालतू काम वाटतं, पण खोली खरी मिळते ती इथे. लहानशा धातूच्या उत्तराची ताकद अंतर दुप्पट झालं की जवळजवळ चौसष्टाव्या हिश्शावर येते. गवतामुळे डोकं चार बोटं वर राहिलं तर ती चार बोटं जमिनीखालच्या खोलीतून गेली. मग संवेदनशीलतेची कळ कितीही वर चढवा, माती तेवढीच जोरात ओरडते आणि कान फुकट थकतो.

इथले पी-४ आणि टाइप-७२ हे प्लास्टिकचे सुरुंग. धातू म्हणाल तर आतल्या यंत्रणेत असेल तेवढाच. वितभर तांबड्या मातीखालून तेवढ्याचा आवाज वेगळा काढायचा आहे.

८:२०

अक्का हात वर करून थांबली. मी मागून पट्ट्यातून गेलो.

“सर, इथे माती बोलतेय. धातू नाही.”

“कशावरून?”

“कड लागत नाही.”

ऐकलं. खरंच, आवाजाला कड नव्हती. पण जागा सोडून देता येत नाही. मागे एक वीत अंतरावरून, तिरक्या टोचणीने, वरवरची माती खरवडत ती पुढे सरकली. अर्ध्या तासाने काळी राख, भाजलेल्या मातीचे ढेकूळ आणि कौलाचा तुकडा निघाला. कुणाची तरी चूल. माती तापली की तिच्यातलं लोखंड जास्त चुंबकीय होतं, म्हणून चूल, वीट, कौल यांच्यापाशी यंत्र नेहमीच गोंधळतं. आता इथे घर होतं हे कळलं. घर म्हणजे सगळीकडे भाजलेली माती. पुढच्या चार हातांसाठी यंत्राला पुन्हा नवी जमीन शिकवावी लागली. त्या दिवशी तिच्या पट्ट्यात हे तीनदा करायला लागलं.

१०:१०

दर तासाला सुट्टी, पाणी, शिरस्त्राणाची काच वर. दोन पट्ट्यांमधलं अंतर कमी झालं म्हणून एका पोराला मागे घेतलं. यंत्रं जवळ आली की एकमेकांवरच बोलू लागतात. ऊन चढलं की मी सगळ्यांना पुन्हा चाचणीच्या तुकड्यावर पाठवतो. सकाळी सहाला जमलेलं यंत्र दहाला तसंच असेल असं मी धरून चालत नाही. एकाचा नमुना हुकला. त्याने पुन्हा जमिनीशी जुळवून घेतलं आणि लागला. सकाळपासून त्याने जितका भाग मोकळा म्हणून मागे टाकला होता, तो सगळा पुन्हा करायला सांगितला. पोरगं नाराज झालं. होऊ दे.

११:००

वरिष्ठ पाहणीला आले. कुठल्या कार्यालयाचे ते राहू द्या. पहिला प्रश्न नेहमीचा, “आज किती चौरस मीटर?”

मी आकडा सांगितला. तो त्यांना कमी वाटला. शेजारच्या पथकाचा आकडा त्यांनी ऐकवला. ते पथक खाडीकडच्या मोकळ्या वाळूत आहे, आम्ही मोडक्या घरांच्या तांबड्या मातीत. खाऱ्या ओल्या वाळूचाही त्रास असतोच, मीठपाणी वीज वाहून नेतं, पण ती कटकट वेगळी. चौरस मीटरच्या रकान्यात माती कुठली होती हे लिहायला जागाच नसते. माझ्या मते त्या रकान्याशेजारी यंत्र दिवसातून किती वेळा नव्याने जमिनीशी जुळवलं हेही लिहायला हवं. कामाचा कस त्यावरून जास्त कळेल.

१२:४५

काम बंद. सकाळपासून दोन पी-४ मिळाले होते. ते जागेवरच उडवले. त्याची पद्धत ठरलेली आहे, सांगण्यासारखं विशेष काही नाही.

जेवताना विषय निघाला प्रेमिंद्रसिंग भगत यांचा. आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे, १९४१ साली सेकंड लेफ्टनंट. इथिओपियाच्या आघाडीवर चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. खडकीत त्यांचं नाव न ऐकलेला सॅपर नसेल. पण पोरांना मी एक फरक नेहमी सांगतो. लढाईत सॅपर वाट काढतो. रणगाडे पुढे जायला हवेत, थोडा धोका धरलेलाच असतो. इथे वाट काढायची नाही. या शेतात उद्या बैल चालणार, मुलं खेळणार. एकही सुरुंग मागे राहता कामा नये. घाई त्या कामाची, सावकाशी या कामाची.

३:३०

यंत्रं पुसून, सेल काढून ठेवले. नोंदवहीत प्रत्येक पट्ट्यासमोर लिहिलं, यंत्राने किती खोलीपर्यंत नमुना दाखवला. हवेतला आकडा आम्ही लिहीतच नाही. अक्काच्या पट्ट्यात चुलीच्या आसपास नमुना ठरलेल्या खोलीच्या पाऊण भागापर्यंतच लागत होता. कितीही निगुतीने जुळवलं तरी त्याखाली मातीच भारी पडत होती.

७:००

नकाशा पसरला. पोरांचं म्हणणं, संवेदनशीलता वाढवून पाहू. मी नको म्हटलं. यंत्राला जिथपर्यंत दिसत नाही तिथवर दिसलं असं धरून जमीन शेतकऱ्याच्या ताब्यात द्यायची नसते. त्या घराच्या जोत्यापुरतं यंत्र बाजूला ठेवायचं ठरलं. तिथे दंताळ्याने पूर्ण उकरणी. आधी चर खणायचा, मग लांब दांड्याच्या दंताळ्याने चराच्या उभ्या कडेतून माती आपल्याकडे ओढत सरकायचं, म्हणजे सुरुंग वरून दाबला न जाता बाजूने उघडा पडतो. इथल्या हलक्या मातीत ही पद्धत चांगली चालते, फक्त वेळ खाते.

उद्याचा आकडा आजच्याहूनही कमी येणार. अक्काला दंताळ्यांच्या तुकडीवर घेतलं, तिच्या जागी दुसऱ्या पट्ट्यावरची मुलगी. गाडीत जास्तीची चार दंताळी आणि पाण्याचे दोन कॅन टाकायला सांगितले.