शंकुपेशींची उपासमार
अमेरिकेच्या एफडीएने ५ मार्च २०२५ रोजी ‘एन्सेल्टो’ या डोळ्यांच्या उपचाराला मंजुरी दिली आणि ‘अंधत्वावर औषध आलं’ असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरू लागले. माझ्या आतेभावाच्या मुलीनेही मला तो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘काका, बाबांना चालेल का?’

आतेभावाला रेटिनायटिस पिगमेंटोझा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. लहानपणी गावाला दिवेलागण झाली की तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचा. सकाळी मात्र पेपरातली बारीक अक्षरं माझ्याआधी वाचायचा. अंधुक उजेडात बघणाऱ्या दंडपेशी मरत चालल्या होत्या. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी शाबूत होत्या. पंचेचाळिशीत पेपरही सुटला. या आजारात बऱ्याच घराण्यांत दोष असतो तो रोडॉप्सिनसारख्या, फक्त दंडपेशींच्या उपयोगाच्या जनुकात. मग शंकुपेशींनी का मरावं?

याचं उत्तर पॅरिसहून आलं. थिएरी लेव्हेयार आणि जोझे-आलँ साहेल यांच्या गटाला २००४ मध्ये दंडपेशींतून पाझरणारं एक प्रथिन सापडलं : आरडीसीव्हीएफ. ते करतं काय, हे २०१५ मध्ये उलगडलं. शंकुपेशीच्या आवरणावरच्या बेसिजिन-१ या प्रथिनाला ते जाऊन बिलगतं. बेसिजिनला जोडून असतो साखर आत घेणारा ग्लूट-१. निरोप पोहोचला की साखरेचा ओघ वाढतो. एका डोळ्यात दंडपेशी सुमारे १२ कोटी, शंकुपेशी जेमतेम ६० लाख. मोठं गाव उठलं की शेजारच्या वाडीची चूल विझते, तसं हे. धडधाकट शंकुपेशी उपाशी मरतात, हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ सुन्न बसून होतो.

एन्सेल्टोचा निरोप्या वेगळा, सीएनटीएफ नावाचा. सहा मिलिमीटरची कुपी डोळ्यात बसवतात. आतल्या जनुक बदललेल्या मानवी पेशी हे प्रथिन सतत बनवत राहतात. मंजुरी आहे ती फक्त मॅकटेल प्रकार २ या मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या, आजारासाठी. दोन चाचण्यांत २४ महिन्यांत प्रकाशपेशींची झीज एकीत सुमारे ५५ टक्के, दुसरीत ३१ टक्के मंदावली. तक्त्यावरची अक्षरं मात्र जास्त वाचता आली नाहीत. रेटिनायटिस पिगमेंटोझावर हीच कुपी आधी वापरून पाहिली होती, दृष्टीला फायदा झाला नाही. पुतणीला हे कळवणं जिवावर आलं.

तरी मी आशा सोडलेली नाही. २०१७ची लक्सटर्ना ही जनुकोपचार पद्धत आरपीई६५ या एकाच जनुकासाठी, आणि बाजारात आली तेव्हा दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर. या आजाराला कारण ठरणारी जनुकं डझनावारी आहेत. आरडीसीव्हीएफचा मार्ग जनुक कुठलं बिघडलं यावर अडत नाही, आणि त्याच्या चाचण्या रुग्णांवर सुरू झाल्या आहेत. अट एकच, खाऊ घालायला शंकुपेशी जिवंत हव्यात. म्हणूनच ‘पडदा सुकलाय, आता काही उपाय नाही’ म्हणून रुग्णाला घरी पाठवण्याचा मला राग येतो. आतेभावाला हे बारा वर्षांपूर्वी ऐकवलं गेलं, त्यानंतर त्याच्या पडद्याची तपासणीच झालेली नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. पुतणी खिडकीपाशी उभी होती. आतेभावाने मान जराशी वळवली आणि विचारलं, ‘लाल ओढणी घेतलीस का गं?’ लालच होती. लाल रंग ओळखायचा तर शंकुपेशीच लागतात. मंगळवारी त्याला ओसीटी ही पडद्याची तपासणी करायला नेतोय.