तारेवरून जाणारी साडी

सुरतच्या मागांवर विणल्या जाणाऱ्या जॅकार्ड साडीची नक्षी मुळात 'होय' आणि 'नाही' यांची लांबलचक मांडणी असते, कारण आडवा धागा टाकताना दर वेळी कोणते उभे धागे उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, एवढेच मागाला कळावे लागते. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही मांडणी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर उतरवली. पत्त्यावर छिद्र असेल तर उभा धागा उचलणारा हूक वर जाई, नसेल तर जागीच राही. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये पत्त्यांच्या जागी संगणकाची फाइल आली असली, तरी तत्त्व बदललेले नाही.

अशा एका 'होय' किंवा 'नाही'ला, म्हणजे १ किंवा ० या अंकाला, बिट म्हणतात आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. २,६८८ हुकांच्या जॅकार्डला एका आडव्या धाग्यासाठी, म्हणजे विणकामाच्या भाषेत एका पिकासाठी, २,६८८ बिट अर्थात ३३६ बाइट लागतात. नक्षी ४,००० पिकांची धरल्यास हा हिशेब १३,४४,००० बाइटवर, म्हणजे सुमारे १.३ मेगाबाइटवर जातो.

सुरतच्या रिंग रोडवरच्या एखाद्या डिझायनरने ही फाइल सचिन येथील औद्योगिक वसाहतीतील कारखान्याला इंटरनेटवरून पाठवली, तर ती अखंड जात नाही. तिचे लहान तुकडे होतात आणि त्यांना पॅकेट म्हणतात. हा शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात रूढ केला. इथरनेटच्या नेहमीच्या पॅकेटमध्ये १,५०० बाइट मावतात, पण त्यांतले साधारण ४० बाइट पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, अनुक्रमांक इत्यादी तपशिलांच्या शीर्षकात, म्हणजे हेडरमध्ये, खर्च होत असल्याने या एका नक्षीची ९२१ पॅकेटे होतात. ती वेगवेगळ्या वाटांनी, मागेपुढे पोहोचू शकतात, म्हणून व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या टीसीपी या नियमसंचानुसार घेणारा संगणक ती अनुक्रमांकाने लावतो आणि जे पॅकेट हरवले असेल ते पुन्हा पाठवले जाते.

वेगाविषयी बोलताना मात्र दोन गोष्टींची गल्लत होते. सेकंदाला किती बिट जाऊ शकतात ती बँडविड्थ; जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये आणि फाइलीचा आकार मेगाबाइटमध्ये सांगितला जात असल्याने १० मेगाबिटच्या जोडणीवर ही १.३ मेगाबाइटची नक्षी जायला सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. एका बिटाला पल्ला गाठायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी: काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जात असल्याने सुरत ते मुंबई हे २६० किलोमीटरांच्या आसपासचे अंतर कापायला त्याला सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून किंचित अधिक वेळ लागतो, आणि बँडविड्थ कितीही वाढवली तरी तो कमी होत नाही.

व्हिडिओ कॉलमध्ये एखादे पॅकेट गळाले तर चित्र क्षणभर थरथरते आणि संभाषण पुढे चालते, म्हणून तेथे बहुधा हरवलेल्याची वाट न पाहणारा यूडीपी हा नियम वापरतात. नक्षीला ही सवलत नाही, कारण मधलेच काही पिक गाळले गेले तर बुट्टी तिथेच तुटते, आणि हे लक्षात येईपर्यंत कापड विणून झालेले असते.