आधी कागदावर बांधा

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडची मुलं किल्ला करतात. त्यासाठी कोणी नकाशा काढत बसत नाही. दगड-विटा रचायच्या, वर जुनं गोणपाट टाकायचं, माती लिंपायची, अळीव पेरायचे आणि सगळ्यात वर महाराजांना बसवायचं. बुरूज कलला तर आणखी एक ओंजळ माती. माती फार सोशिक असते. हीच मुलं नववीत येतात आणि इमारतीचं मॉडेल करायचं म्हटलं की पहिल्या पाच मिनिटांत कात्री आणि फेव्हिकॉल बाहेर काढतात. पुठ्ठा मात्र मातीसारखा सोशिक नसतो. एकदा आखूड कापला की आखूडच.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. मॉडेलच्या पहिल्या चार तासांत पुठ्ठ्याला हात लावायचा नाही, असा आमच्या वर्गाचा नियम आहे. मुलं कुरकुरतात. पण इमारत समजते ती या चार तासांतच, असा माझा अनुभव आहे. नंतरचं काम म्हणजे कापणं आणि चिकटवणं.

पहिली अडचण असते ती प्लॅनची. इंटरमिजिएट परीक्षेला बसणारी मुलं घनाकृतींचा प्लॅन आणि एलेव्हेशन घोटून घोटून बिनचूक काढतात. त्यांनाच ‘आपल्या वर्गाचा प्लॅन काढा’ म्हटलं की समोरून दिसणाऱ्या दारं-खिडक्यांचं चित्र येतं. मग मी वर्गात एक ढोबळी मिरची आणि सुरी घेऊन जातो. मिरची आडवी कापली की आतले पडदे, कप्पे, मधली पोकळी वरून दिसते. हा झाला प्लॅन. दुसरी मिरची उभी कापायची, तो सेक्शन. इमारतीचा प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर तिला आडवी कापून, वरचा भाग बाजूला ठेवून वरून पाहायचं. म्हणून तर प्लॅनमध्ये खिडकी दिसते आणि छत दिसत नाही.

पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना याहून मोठं उदाहरण फुकट मिळालेलं आहे. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा जळाला. तटबंदी, बुरूज, दिल्ली दरवाजा उभे राहिले आणि आत उरली ती दगडी जोती. सहलीला आलेली मुलं विचारतात, “सर, वाडा कुठाय?” मी सांगतो, वाड्याच्या प्लॅनमध्येच तुम्ही उभे आहात. चौक कुठला, ओवरी कुठली, दोन दालनांमधली वाट कुठली, हे जोत्यांवरून चालत ओळखायचं आणि वहीत उतरवायचं. मात्र दालनं किती उंच होती, हे जोती सांगत नाहीत. प्लॅन काय सांगतो आणि काय सांगत नाही, दोन्ही तिथं एकाच सकाळी कळतं.

दुसरा तास प्रमाणाचा. आमची शाळा ४० मीटर लांब आहे. प्रत्यक्षातल्या एका मीटरला दोन सेंटीमीटर धरले तर मॉडेल ८० सेंटीमीटरचं होतं. ते बाकावर मावत नाही आणि एसटीतून घरी नेता येत नाही. मीटरला एक सेंटीमीटर धरला तर ४० वर भागतं, पण मग दारं काडेपेटीच्या काडीहून आखूड होतात. हा निर्णय मुलांनी आपसांत भांडून घ्यायचा. शेवटी बहुतेक गट पूर्ण शाळेचा हट्ट सोडतात आणि मोठ्या प्रमाणात दोन वर्ग व एक जिना करायचं ठरवतात. मला हे शहाणपणाचं वाटतं.

जिना हा तर माझा फार आवडता विषय. मुलं प्लॅनमध्ये कोपऱ्यात चार रेघा मारतात आणि ‘जिना’ असं लिहून मोकळी होतात. मी म्हणतो, मोजा. मजला ३ मीटर उंच, पायरी १५ सेंटीमीटरची, म्हणजे चढ २० पायऱ्यांचा. प्रत्येक पायरीवर पाऊल ठेवायला ३० सेंटीमीटर धरले तर सरळ जिन्याला जवळजवळ ६ मीटर जागा लागते. वर्गाची एक अख्खी भिंतच! मग कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो की, म्हणूनच आपला जिना अर्ध्यावर वळतो. रोज त्या जिन्यावरून धावणाऱ्या मुलांना तो का वळतो हे पहिल्यांदा समजतं. मीटरला दोन सेंटीमीटर या प्रमाणात प्रत्येक पायरी ३ मिलिमीटर उंच येते. तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा मिळाला तर एकावर एक पट्ट्या चिकटवत जायचं.

पुठ्ठ्याची ही जाडी दुसरीकडे मात्र दगा देते. वर्ग बाहेरून ८ मीटर बाय ६ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १६ बाय १२ सेंटीमीटर. मुलं दोन भिंती १६ च्या आणि दोन १२ च्या कापतात. छोट्या भिंती मोठ्या भिंतींच्या मध्ये बसवल्या की रुंदी १२.६ होते आणि छप्पर तोकडं पडतं. छोट्या भिंती ११.४ च्या हव्यात. हे कागदावर कोपरा मोठा करून काढला की लगेच दिसतं. त्यानंतर एक कच्चं मॉडेल करायचं, जुन्या लग्नपत्रिकांचं. लग्नसराई संपली की घरोघरी चांगला जाड कागद पडून असतो. २०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा काही पालकांना आता मॉडेल कशाचं करायचं असा प्रश्न पडला होता. आमचं पत्रिकांवर छान चाललं होतं.

निम्मे गुण मी या कागदांना देतो. त्यावरून दरवर्षी वाद होतो. एक पालक कारंजं आणि दिवे लावलेला देखणा बंगला घेऊन आले होते. मुलाला त्याचा प्लॅन काढता येईना. गुण कमी का, असं त्यांनी विचारलं. मी जिना कुठून वर जातो ते विचारलं. बंगल्याला जिनाच नव्हता.

त्याच वर्षी एका मुलीनं चाळीतली आपली खोली निवडली होती. दहा फूट बाय बारा फूट, उंची ११ फूट, आणि ७ फुटांवर पोटमाळा. फुटाला एक इंच असं प्रमाण तिनं घेतलं होतं. वडील गवंडीकाम करणारे. पालकसभेला कधी न येणारे. पण घरी तिनं काढलेला सेक्शन पाहून ते कागद घेऊन शाळेत आले. मुलीनं माळा म्हणून एक रेघ मारली होती.

“सर, ही फळी हवेत तरंगतीय का?” त्यांनी विचारलं.

खिशातली पेन्सिल काढून त्यांनी रेघेखाली दोन लोखंडी चॅनल काढले, चार-चार इंचांचे, वर इंचभर फळी. माळ्यावरची मोकळी उंची ४ फुटांची ३ फूट ७ इंच झाली. मुलगी म्हणाली, “म्हणूनच माझं डोकं लागतं.” त्यावर बापलेकींची बराच वेळ चर्चा झाली, चॅनल भिंतीत किती आत घेतात, खाली तुळई असती तर काय, वगैरे. मी नुसता ऐकत होतो. तिनं सेक्शन पुन्हा काढला आणि पुठ्ठा कापायला घेतला तो पुढच्या आठवड्यात.