मोटारगाडी, जुनी : गतिरोधकांच्या बदली भागांची जुळणी

जुन्या मोटारगाडीची पुनर्बांधणी करताना तिच्या गतिरोधकांचे, म्हणजे ब्रेकचे, झिजलेले भाग काढून त्यांच्या जागी मापाने, द्रव्याने आणि कार्याने जुळणारे भाग बसविण्याची क्रिया. मूळ भाग दुर्मिळ झाल्याने कारागिराला बहुधा दुसऱ्या गाडीचा किंवा नव्याने घडविलेला भाग वापरावा लागतो. दिसण्यातील साम्य या कामी फसवे असते.

या फसगतीची परीक्षा घाटात होते. सातारा जिल्ह्यातील पसरणी घाटाच्या माथ्यावरील पाचगणी पायथ्याच्या वाईपेक्षा सु. ५५० मी. उंच आहे. प्रवाशांसह १,२०० किग्रॅ. भरणारी गाडी हा घाट उतरते तेव्हा सु. ६५ लाख जूल ऊर्जा खर्ची पडावी लागते. तेवढ्या उष्णतेने सु. २० लि. पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. खालचा गिअर टाकल्यास यातील बराच भाग एंजिन शोषून घेते. एरवी जवळजवळ सर्व उष्णता ड्रम व अस्तरे यांतच निर्माण होते. सांगलीच्या सपाट रस्त्यांवर निर्दोष वाटलेली जुळणी पसरणी, खंबाटकी किंवा कुंभार्ली घाटात उघडी पडते ती यामुळेच.

पहिला प्रश्न आट्यांचा. अँबॅसडर गाडी ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून, तर फियाट ११०० व तिच्यापासून आलेली प्रीमियर पद्मिनी इटालियन आराखड्यावरून तयार झाली. १९५६ च्या अधिनियमाने भारतात मेट्रिक मापे आली, तरी मूळ आराखड्यातील इंची आटे त्यामुळे बदलले नाहीत. ३/८ इंची, दर इंचास २४ आटे असलेल्या नळीच्या नटाचा व्यास ९.५३ मिमी. असतो. तो १० मिमी. व्यासाच्या, १ मिमी. अंतराच्या आट्यांत शिरतो, काही फेरे फिरतो आणि घट्टही लागतो; परंतु आट्यांची पकड अपुरी असते. जोराने ब्रेक दाबताच तो निसटू शकतो. जुन्या गाड्यांत सर्व चाकांना बहुधा एकच द्रवमार्ग असल्याने एका जोडाच्या गळतीने चारही ब्रेक निकामी होतात. म्हणून आट्यांचे माप मापपट्टीने घ्यावे. हाताच्या अंदाजावर विसंबू नये.

दट्ट्याच्या व्यासातील फरक सहसा वाटतो त्याहून महत्त्वाचा असतो, कारण बल क्षेत्रफळाच्या प्रमाणात बदलते. १ इंच व्यासाच्या मास्टर सिलिंडरऐवजी ३/४ इंची बसविला, तर तेवढ्याच पायाच्या दाबाने द्रवाचा दाब १.७८ पट होतो. पण तेवढेच तेल सरकविण्यास पेडलही १.७८ पट खाली जावे लागते. ब्रेक ‘हलका’ झाला म्हणून मालक समाधानी होतो. पुढे अस्तर थोडे झिजले की पेडल तळाला टेकते. रबरी वॉशरांबाबत तर ०.४ मिमी.चा फरकही पुरेसा आहे : १ इंच म्हणजे २५.४ मिमी.; त्या सिलिंडरात २५ मिमी.चा वॉशर बसतो, पण दाब धरीलच असे नाही. ड्रम-ब्रेकच्या मास्टर सिलिंडरात बहुधा शेष दाब राखणारी झडप असते. अशा गाडीला पुढे डिस्क-ब्रेक जोडताना ती तशीच ठेवली, तर डिस्क घासत राहते.

ड्रम लेथवर घासून मोठा केल्यावर जुन्या वक्रतेचा शू फक्त मध्यभागी टेकतो. म्हणून शूवर बसविलेले अस्तर ड्रमच्या नव्या व्यासानुसार घासून घ्यावे. एकाच आसाच्या दोन्ही चाकांना एकाच जातीचे अस्तर हवे, नाहीतर गाडी एका बाजूस ओढते. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असू शकते. त्यांची धूळ हवेच्या झोताने उडविणे धोक्याचे आहे, ती ओल्या फडक्याने पुसावी.

नवा ड्रम ओतून घेण्याची वेळ आल्यास १९१० मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्करवाडीपासून ओतकामाचा वारसा असलेल्या या भागात कारागीर दुर्मिळ नाहीत. मात्र जुना ड्रमच साचा म्हणून वापरणे चुकीचे. करडे ओतीव लोखंड थिजताना सु. १ टक्का आकसते. ९ इंची ड्रमाच्या व्यासात त्यामुळे २ मिमी.हून अधिक घट होते. शिवाय लेथवर घासण्यासाठी धातू शिल्लक ठेवावी लागते.

तेलाची निवड रबरावर अवलंबून असते. ग्लायकॉलाधारित तेलासाठी केलेल्या नैसर्गिक रबराच्या वॉशरांना खनिज तेल लागल्यास ते फुगतात. ग्लायकॉलाधारित तेल हवेतील आर्द्रता शोषते व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. उतारावर तेलात वाफ होऊन पेडल एकाएकी पोकळ लागते. सिलिकोनचे तेल यात मिसळू नये.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. त्यासाठी चॅसी, सांगाडा व एंजिन यांत बदल झालेला नसावा. या व्याख्येत ब्रेकचा उल्लेख नाही. तेव्हा मूळपणाच्या हौसेपायी गंजलेला सिलिंडर जपण्याचे कारण उरत नाही. तो शक्य असल्यास आत पितळी किंवा पोलादी नळी बसवून मूळ व्यासाचा करून घ्यावा. बाहेरून तो जुनाच दिसतो.