हस्तव्यवसायाची परीक्षा व परीक्षकाची पात्रता

व्यवसाय शिकविणाऱ्याची पात्रता काय असावी, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. परंतु व्यवसाय शिकलेल्याची परीक्षा कोणी घ्यावी व त्या परीक्षकाच्या अंगी कोणते गुण असावेत, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः तो तितकाच महत्त्वाचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ काम शिकण्याची कल्पना मांडली आहे. तेव्हा हा विषय केवळ औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा राहिला नसून ग्रामीण शाळेच्या उंबरठ्यापर्यंत आला आहे.

हा विचार आपणांस अगदीच नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी स्थान दिले. कामातून शिक्षण द्यावयाचे तर कामाचीच परीक्षा घेतली पाहिजे, हे त्या विचारात ओघानेच येते. सूत किती निघाले एवढेच पाहून भागत नाही. ते किती एकसारखे व किती मजबूत निघाले, हेही पाहावे लागते.

लेखी परीक्षा व कामाची परीक्षा यांत मूलभूत भेद आहे. विजेच्या कामाचे उदाहरण घेऊ. प्रशिक्षणार्थ्याने दिवा जोडला, बटण दाबताच तो लागला व पुन्हा दाबताच विझला. वरवर पाहणारा येथेच पूर्ण गुण देईल. परंतु बटण फेजच्या तारेवर न जोडता न्यूट्रलच्या तारेवर जोडले असले, तरीही दिवा असाच लागतो व विझतो. भेद इतकाच की, दिवा विझल्यावरही होल्डरमध्ये विजेचा दाब कायम राहतो आणि दिवा बदलण्यास हात घालणाऱ्यास धक्का बसण्याचा संभव असतो. ही चूक दिव्याकडे पाहून कळत नाही. तारांची जोडणी पाहूनच कळते. म्हणून तयार वस्तूइतकीच ती तयार करण्याची रीत तपासणे हे परीक्षकाचे पहिले कर्तव्य होय. अपात्र माणसास दयेपोटी दिलेले प्रमाणपत्र कोणाच्या तरी घरात धोका होऊन बसते, हे त्याने विसरता कामा नये.

अशा परीक्षकास आज मूल्यमापक असे म्हणतात. २७ डिसेंबर २०१३ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट अधिसूचित केली. पुढे २०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. प्रमाणपत्र देणाऱ्या व मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना मान्यता देणे हे या परिषदेचे एक प्रमुख कार्य आहे. या व्यवस्थेत मूल्यमापक होऊ इच्छिणाऱ्यास साधारणतः पुढील पायऱ्या चढाव्या लागतात.

(१) व्यवसायाचे प्रत्यक्ष ज्ञान. त्या त्या कामासाठी ठरविलेली शैक्षणिक अर्हता व कामाचा अनुभव आवश्यक असतो. ज्याने स्वतः ओळंबा धरला नाही, त्याने गवंड्याची परीक्षा घेऊ नये, हे उघडच आहे.

(२) मानकांचा अभ्यास. प्रत्येक कामाची राष्ट्रीय व्यवसाय मानके लिहून ठेवलेली असतात. कोणती कृती, कोणत्या कसोटीपर्यंत यावी, हे त्यांत नमूद असते. मूल्यमापकाने स्वतःच्या आवडीनिवडीने नव्हे, तर या कसोट्यांनी काम मोजावयाचे असते.

(३) मूल्यमापनाचे प्रशिक्षण व परीक्षा. उत्तम कारागीर हा आपोआप उत्तम परीक्षक ठरत नाही. निरीक्षण, तोंडी प्रश्न, नोंद व निर्णय यांचे स्वतंत्र शिक्षण घेऊन उमेदवारास स्वतःची परीक्षा द्यावी लागते.

(४) मान्यताप्राप्त संस्थेमार्फत नेमणूक. येथे महत्त्वाचे तत्त्व असे की, ज्याने शिकविले त्यानेच अंतिम परीक्षा घेऊ नये. उत्तीर्णांच्या संख्येवर संस्थेचा लौकिक अवलंबून असेल तेथे शिक्षकाचे मन नकळत झुकते. त्यासाठी परीक्षक त्रयस्थ असणे इष्ट.

इंग्लंडमध्ये तर नवशिक्या मूल्यमापकाचा निर्णय अनुभवी व अर्हताप्राप्त मूल्यमापकाने तपासून त्यावर आपली सही करावी, असा प्रघात आहे. परीक्षकाचीही उमेदवारी असावी, हा त्यातील बोध आपणांसही घेण्याजोगा आहे.

पुराव्याविषयी चार प्रश्न मूल्यमापकाने सदैव मनाशी विचारावेत. पाहिलेले काम ठरलेल्या कसोटीशी संबद्ध आहे काय? ते उमेदवाराने स्वतःच केले आहे काय? एकदाच साधले की पुन्हा साधेल? आणि हे कौशल्य त्याच्या हाती आजही आहे काय? या चारांची उत्तरे मिळाल्यावाचून निर्णय लिहू नये.

येथे ग्रामीण भागाच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. वीस वर्षे भिंती बांधणाऱ्या गवंड्याजवळ एकही प्रमाणपत्र नसते. अशांसाठी पूर्वानुभवाला मान्यता देण्याची तरतूद आहे. परंतु परीक्षक पुस्तकी भाषेत विचारू लागला, तर जाणता गवंडी गप्प राहतो आणि बोलका नवशिका बाजी मारतो. “विटांच्या बंधाचे तत्त्व सांगा” असे न विचारता “उभे सांधे एकावर एक आले तर भिंतीचे काय होईल?” असे विचारावे. भाषेची परीक्षा व कामाची परीक्षा यांची गल्लत झाली, तर अन्याय नेमका कष्टकऱ्यावरच होतो.

प्राथमिक शिक्षकाने लगेच मूल्यमापक व्हावे, असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि त्याची वृत्ती शाळेत आजच बाणविता येईल. बागकाम असो वा शिवणकाम, कसोट्या मुलांना आधीच सांगाव्यात. मूल काम करीत असता त्याच्या हातातील हत्यार आपण घेऊ नये. मात्र इजा होण्याचा संभव दिसताच काम तत्काळ थांबवावे. पाहिले तेवढेच लिहावे. “वाईट” असा शेरा न मारता “टाके समान अंतरावर नाहीत, पुन्हा सराव हवा” असे नेमके लिहावे व दुसरी संधी द्यावी. तसेच गावातील जाणत्या कारागिरास मूल्यमापकाच्या प्रशिक्षणाची माहिती देऊन अर्ज भरण्यास साह्य करावे. त्याच्या हाती कौशल्य आहे, आपल्या हाती लेखणी आहे. दोहोंची सांगड घालणे शिक्षकाच्या आवाक्यातले आहे.

प्रमाणपत्र हे लोकांना दिलेले वचन असते. ज्याच्या सहीने ते दिले जाते, त्याने काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे, एवढी अपेक्षा बाळगण्याचा समाजास पूर्ण अधिकार आहे.